मोगलीचे कपाट

संग्रहाची हौस नाही असे सुशिक्षित घर वऱ्हाडात शोधून काढावयाचे म्हटले, तर पुष्कळ हिंडावे लागेल. कोणाकडे पोस्टाची तिकिटे असतात, कोणाकडे भोसल्यांच्या अमदानीतील नाणी, कोणाकडे आगपेट्यांवरची चित्रे. आणि काहींच्या माळ्यावर तर नुसत्या जुन्या पंचांगांची चळत असते, जिचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही, परंतु जी टाकून द्यावयाची छातीही कोणास होत नाही. ह्या हौसांकडे वडीलधारी मंडळी कौतुकाने पाहतात. पाहुणा आला की तिकिटांची वही बाहेर निघते आणि चहा निवेपर्यंत त्याला ती पाहावी लागते. परंतु चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप असलेला, नीटनेटक्या नोकरीतला गृहस्थ जर लहानपणी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील पात्रांची वीतभर बाहुली जमवू लागला, तर त्याच घरात कुजबूज सुरू होते. "अजून खेळणी आणतो," असे म्हणताना बोलणारा आवाज खाली करतो. जणू काही व्यसनाचीच गोष्ट चालली आहे. ह्या महिन्यात ह्या कुजबुजीविषयीच दोन शब्द लिहावयाचे आहेत.

चिखलदऱ्यास आमच्या कुटुंबाचे एक जुने कौलारू घर आहे. अमरावती, अकोला आणि पुणे अशी पांगलेली मंडळी उन्हाळ्यात आणि दिवाळीत तेथे एकत्र होतात. घराच्या मागल्या खोलीत एक सागवानी कपाट आहे. आजोबांच्या वेळी त्यात औषधांच्या बाटल्या होत्या, नंतर पोथ्या आल्या, आणि गेली वीसएक वर्षे त्यात मोगली राहतो. एकटा नव्हे, भालू, बाघेरा, का नावाचा अजगर, हाथी आणि त्याची सेना, चार गिधाडे, वानरांची टोळी आणि सात-आठ निरनिराळ्या मुद्रांचे शेर खान, असा सगळा परिवार. हा संग्रह आमच्या धाकट्या चुलतभावाचा. मुले त्याला 'छोटे काका' म्हणतात, म्हणून आम्हीही येथे त्याच नावाने त्याचा उल्लेख करू.

ही हौस लागली कशी ते सांगण्याजोगे आहे. १९९१ च्या उन्हाळ्यात घरात बारा-तेरा मुले जमली होती. परतवाड्याहून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि त्याच्याबरोबर डिस्नेच्या 'जंगल बुक' ह्या चित्रपटाची कॅसेट. भाडे एका रात्रीचे, म्हणून मुलांनी चित्रपट लागोपाठ दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी मध्येच वीज गेली, तेव्हा अंधारात बसून मोठ्या मुलांनी पुढची गोष्ट तोंडानेच सांगून टाकली. बाहेर मेळघाटचे रान, आत पडद्यावर रान, आणि इंग्रजी संवाद कोणासच धड कळत नाहीत, अशी ती रात्र होती. पुढल्या वर्षी जर्मनीहून परतलेल्या एका आप्तांनी तेथील बुलीलँड कंपनीने केलेला, हाताने रंगविलेला, मूठभर आकाराचा भालू आणला. तो कोणा एकाला दिलेला नव्हता. 'मुलांना' म्हणून दिलेला होता. तीन-चार वर्षे तो ह्या हातातून त्या हातात फिरला, हौदात बुडाला, आंब्याच्या आढीत हरवला, आणि नाकावरचा काळा रंग पार झिजून गेल्यावर छोटे काकांच्या दप्तरात कायमचा राहावयास आला. बाकीची मुले मोठी झाली आणि विसरली. हा विसरला नाही.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जी मोगलीची मालिका लागत असे ती निराळी. ती मूळची जपानी, बावन्न भागांची. गुलजारांचे गीत आणि विशाल भारद्वाजांचे संगीत ह्यांमुळे तिचे शीर्षकगीत घराघरात पोहोचले, आणि शेर खानाला आवाज नाना पाटेकरांचा होता हे आजही सांगितले म्हणजे पन्नाशीकडे झुकलेली माणसे एकदम सरसावून बसतात. परंतु छोटे काका आजही त्या मालिकेला आपल्या कपाटात जागा देत नाहीत. संग्राहक मंडळी अशी कडक असतात; त्यांचे सोवळे आपल्या थोरल्या काकूंच्या सोवळ्याहून कमी नसते.

आता कोणी म्हणेल की अमेरिकेत काढलेल्या चित्रपटाचा आणि वऱ्हाडातील मुलाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. रुडयार्ड किपलिंग ह्याने मोगलीच्या गोष्टी लिहिल्या त्या अमेरिकेत व्हरमाँट येथे बसून. त्यांची दोन पुस्तके १८९४ आणि १८९५ साली निघाली. पण त्याने गोष्टी घातल्या त्या शिवनीच्या टेकड्यांत आणि वैनगंगेच्या काठी, म्हणजे आपल्याच सातपुड्यात. चिखलदऱ्याच्या कड्यावरून पूर्वेकडे हीच रांग पुढे जाते. शिवनीच्या रानाची माहिती त्याला स्टर्नडेल नावाच्या ग्रंथकाराच्या १८७७ सालच्या पुस्तकातून मिळाली. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवीत असत. मुलाच्या पुस्तकांसाठी बाप चित्रे काढून देत असे. आणि पुढे १९०१ मध्ये 'किम' निघाले तेव्हा तर त्याने रेखाटने न करता उठावाच्या मूर्ती घडविल्या आणि त्यांची छायाचित्रे पुस्तकात छापविली. तेव्हा किपलिंगच्या माणसांस आणि जनावरांस मातीतून आकार देण्याचे काम पहिल्याने केले ते त्याच्या वडिलांच्याच हातांनी. छोटे काका ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात, कारण तिच्यामुळे बाहुल्यांच्या छंदाला एकदम वडिलोपार्जित प्रतिष्ठा मिळते!

पात्रांची नावेही आपल्याच शब्दांतून गेलेली. भालू म्हणजे अस्वल, बाघेरा म्हणजे बिबट, हाथी तर हाथीच. मूळ पुस्तकात शेर खान जन्माचा लंगडा, म्हणून त्याची आई त्याला 'लंगडी' म्हणत असे. डिस्नेच्या चित्रपटात ते लंगडेपण राहिले नाही. चित्रपटाने आणखीही पुष्कळ फेरफार केले. पुस्तकातला भालू हा छडी घेतलेल्या शाळामास्तरांच्या वळणाचा. चित्रपटात तो आळशी आणि गमती झाला. अजगर पुस्तकात मोगलीचा मोठा आधार, चित्रपटात मात्र कपटी. वानरांचा राजा म्हणून जो ओरांगउटान नाचतो, तो किपलिंगने लिहिलेलाच नाही. त्या जातीचे वानर हिंदुस्थानात कोठेही नाही. खुद्द वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारला आणि चित्रपट पडद्यावर आला ऑक्टोबर १९६७ मध्ये. त्याच्या नजरेखालून गेलेले हे अखेरचे मोठे व्यंगपट काम. ह्या सर्व फरकांची यादी छोटे काकांस मुखोद्गत आहे. कपाटासमोर उभे राहून ते ती मुलांना सांगतात. मूळ पुस्तक घरातल्या चार मुलांनी वाचले ते ह्या कपाटामुळे, शाळेमुळे नव्हे.

चिखलदऱ्याच्या आसपास राहणारे कोरकू लोक वाघाला 'कुला मामा' म्हणतात. कुला म्हणजे वाघ. आणि मामा म्हणजे मामाच. ज्याच्या रानात राहावयाचे त्याला नात्यात घेऊन ठेवावे, ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. घरी कामास येणाऱ्या एका कोरकू बाईंनी कपाटातले ते सात-आठ शेर खान पाहिले, त्यांच्या वटारलेल्या डोळ्यांकडे थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो असा रागावलेला कावून बनवते?" छोटे काकांजवळ उत्तर नव्हते. मेळघाटात १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. आणि अजूनही त्या रानात वाघ, बिबट, अस्वल, गवा आणि रानकुत्री ही सगळी आहेत. मोगलीच्या गोष्टीतली बहुतेक पात्रे कपाटाच्या मागल्या भिंतीपलीकडे काही कोसांवर हिंडत असतात, हा योग लंडन-न्यूयॉर्कच्या संग्राहकाला मिळावयाचा नाही.

ह्या बाहुल्यांना इंग्रजीत 'ॲक्शन फिगर' म्हणतात. त्या नावाची कथा मौजेची आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा एक शिपाई काढला. हातपाय वळणारा, कपडे बदलता येणारा. खरे पाहता ती बाहुलीच. पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत आणि बाप ती विकत घेणार नाहीत, ह्या भयाने तिला हे नवे मर्दानी नाव देण्यात आले. आपल्याकडे ही अडचण कधी आली नाही. भातुकलीत बाहुला आणि बाहुली दोन्ही असत, आणि बाहुल्याच्या वरातीत मुलगेच ताशे वाजवीत. दिवाळीच्या किल्ल्यावरची मावळ्यांची चित्रे ही तरी दुसरे काय आहेत? हातात भाला, पायाखाली मातीचा बुरूज, वर सिंहासनावर महाराज. आमच्या पिढीतला प्रत्येक मुलगा त्यांना 'चित्रे' म्हणत असे, 'बाहुली' म्हटले की मारामारी होई. म्हणजे नावाचा संकोच आमच्याकडेही होताच म्हणावयाचा!

चित्रपटावरची बाहुली हा मोठा व्यापार झाला तो 'स्टार वॉर्स'पासून. हा चित्रपट मे १९७७ मध्ये अमेरिकेत लागला आणि त्याच्या बाहुल्यांचा हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीने घेतला होता. चित्रपटाचा एवढा गवगवा होईल हे कोणास वाटले नव्हते; नाताळ जवळ आला तरी बाहुली तयार नव्हती. तेव्हा कंपनीने चक्क एक रिकामा पुठ्ठ्याचा लिफाफा विकावयास काढला. आत एक प्रमाणपत्र. ते भरून पाठवावे, म्हणजे पुढच्या वर्षी चार बाहुली टपालाने घरी येतील. आईबापांनी रिकामे वेष्टन विकत घेऊन मुलांच्या हाती दिले! पुढे ती पावणेचार इंची बाहुली जगभर गेली. आपल्याकडे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीने परवान्यावर जी. आय. जोचे शिपाई बनविले. त्यांचे रंग परदेशी शिपायांहून निराळे असत, म्हणून परदेशातील संग्राहक त्यांचा आज मुद्दाम शोध करतात. आमच्या मुलांनी वाळूत पुरून टाकलेल्या शिपायांचा!

ह्या ठिकाणी एक विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. चिखलदरा म्हणजे कीचकाचा दरा, अशी येथील समजूत. भीमाने कीचकाला मारून ह्याच दरीत लोटले आणि भीमकुंडात हात धुतले, असे येथे येणाऱ्या प्रत्येकास सांगतात. ह्या कीचकाचे मराठी कलेशी नाते मोठे आहे. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले, आणि कीचकात लॉर्ड कर्झन दिसतो म्हणून सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरास १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत वठले की ते कापावे लागले. १९३३ मध्ये प्रभातने तीच कथा पुन्हा घेतली, रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत धाव घेतली, पण रंग साधले नाहीत. बाबूराव स्वतः चित्रकार आणि मूर्तिकार. एवढे असून आपल्या एकाही चित्रपटाच्या भीमाचे वा कीचकाचे बाहुले कोणा मुलाच्या हाती पडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आपण चित्रपटांची गाणी जपली, गाण्यांच्या चोपड्या जपल्या, दिनदर्शिकांवर नटनट्यांचे मुखवटे टांगले. मुलांसाठी मात्र काही केले नाही. मग आमच्या मुलांनी भालू उचलला ह्यात त्यांचा दोष काय?

असो. आता मुख्य गोष्टीकडे वळू. कारण कुजबुजीचे खरे कारण खेळणी हे नव्हतेच.

झाले ते असे. पहिली दहा-बारा वर्षे छोटे काका मिळेल ती मूर्ती आणीत. जुन्या बाजारातली, रंग उडालेली, शेपूट तुटलेली. ती उघड्या फळीवर असत आणि मुले त्यांच्याशी खेळत. पुढे संगणकावरून खरेदी करणे सोपे झाले, देशोदेशीच्या संग्राहकांशी ओळखी झाल्या, आणि त्यांच्याकडून एक नवे शास्त्र घरात आले: वेष्टन फोडावयाचे नाही. पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या पारदर्शक कवचात मूर्ती असते. ते कवच जोपर्यंत अभंग, तोपर्यंत तिची किंमत उघड्या मूर्तीच्या कित्येक पट. ह्याचे कारण साधे आहे. खेळणी मुलांसाठी होतात, मुले ती उघडतात. न उघडलेले खेळणे म्हणजे एखाद्या दुकानाच्या पोटमाळ्यावर पडून राहिलेला माल किंवा एखाद्या मुलाने दाखविलेला अमानुष संयम. दोन्ही दुर्मिळ, म्हणून महाग. हळूहळू कपाटातील वरच्या तीन फळ्या अशा मिटलेल्या खोक्यांनी भरल्या. आणि मग एका उन्हाळ्यात कपाटाला कुलूप लागले.

एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांस ह्या कुलपाचा अर्थ फोड करून सांगावयास नको. दुभत्याच्या फडताळाला कुलूप असते ते मांजराकरिता. तिजोरीला असते ते चोराकरिता. आणि त्या दोहोंच्या किल्ल्या एकाच जुडग्यात, घरातल्या एकाच कर्त्या बाईच्या कमरेला. ज्या दिवशी एखाद्या भावाच्या खोलीत निराळे कुलूप लागते आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात राहते, त्या दिवसापासून वेगळ्या चुलीचा हिशेब सुरू होतो. पुष्कळ घरांत वाटणीपत्र नंतर लिहिले जाते, कुलूप आधी लागते. म्हणून आमच्या घरात जो शब्दही न बोलता अबोला झाला तो बाहुल्यांवरून नव्हता. थोरल्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, हा भालू मुलांना म्हणून आला होता हो."

छोटे काकांची बाजूही आम्ही ऐकली आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांचे म्हणणे, ह्या घरात माझे असे काय आहे? अंगण साऱ्यांचे, झोका साऱ्यांचा, ताटसुद्धा साऱ्यांचे. शाळेत मिळालेले बक्षिसाचे पुस्तक चार दिवसांत कोणी तरी नेले ते परत आले नाही. बारा मुलांच्या घरात वाढलेल्या माणसाला कधी तरी एक कपाट आपले असावे असे वाटले, तर तो स्वार्थ काय? एकत्र कुटुंबाची स्तुती करताना आपण ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. ज्याला लहानपणी स्वतःचा एक खणही मिळाला नाही, तो मोठेपणी कुलूप लावावयाचाच.

मात्र त्या कुलपाने मूर्तींचे तरी भले झाले काय? येथे चिखलदऱ्याने आपला निकाल दिला. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच. सारे विदर्भ उन्हाने तापलेले असताना येथे गारवा, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस धुके घरातून हलत नाही. पापड सादळतात, आगपेटी पेटत नाही, चपलांवर पांढरी बुरशी चढते. बंद कपाटातल्या पुठ्ठ्यांना आधी कुबट वास आला, मग डाग पडले, मग कसर लागली. मूर्तींचेही तेच. मऊ प्लास्टिकला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलासारखे एक द्रव्य घालतात. कालांतराने ते द्रव्य पृष्ठभागावर पाझरते आणि मूर्ती चिकट होते. मूर्ती वाऱ्यावर असेल आणि अधूनमधून धुतली जात असेल, तर ते निघून जाते. मिटलेल्या कवचात ते तेथेच साचते आणि धूळ, रंग, पुठ्ठा सारे एकमेकांस धरून बसतात. दोन शेर खान आपापल्या कवचाला असे चिकटले की त्यांची पाठ त्यांच्याबरोबर राहिली नाही. खालच्या फळीवरचा नाक झिजलेला भालू मात्र तीस वर्षांनंतरही जसाच्या तसा. त्याला आजवर साबणाच्या पाण्याने किती मुलांनी न्हाऊ घातले असेल!

थोरल्या काकूंजवळ एक लाकडी नंदी आहे. त्या माहेरच्या वर्ध्याकडील. तिकडे नागपूर-वर्धा भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवितात, घरोघर जातात आणि बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ मिळवितात. काकूंचा नंदी त्यांच्या वडिलांचा. मग भावांचा, मग ह्या घरातल्या तीन पिढ्यांचा. त्याची चाके दोनदा बदलली, एक शिंग नवे बसविले, रंग किती वेळा दिला त्याची मोजदाद नाही. संग्राहकाच्या शास्त्राप्रमाणे त्याची किंमत शून्य. पण त्या नंदीवर हक्क कोणाचा ह्यावरून घरात कधी कोणाचे बिनसले नाही, कारण दर वर्षी त्या वर्षीचे सर्वांत लहान मूल त्याची दोरी धरते, हा नियम कोणी केला ते न ठरताच चालत आला आहे.

पुण्याचे दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता लिहिणारे, ह्यांच्याइतका मोठा संग्राहक महाराष्ट्राने दुसरा पाहिला नसेल. राजा हा त्यांचा मुलगा वयाच्या सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो पसारा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यांनी काय जमविले? अडकित्ते, दिवे, दौती, वज्ऱ्या, दाराच्या चौकटी. घराघरातून वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या वस्तू. ज्याने कधी सुपारी कातरली नाही असा कोरा अडकित्ता केळकरांनी मुद्दाम शोधला असता, असे आम्हांस वाटत नाही. अर्थात हे छोटे काकांस ऐकविण्याचा आम्हांस अधिकार नव्हता आणि आम्ही ते ऐकविलेही नाही. त्यांना पटविले ते कौलांनी.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात घराचे मागले छप्पर गळू लागले. वासे कुजले होते. सारी कौले उतरवून नवे लाकूड घालावयाचे ठरले. दादांनी खर्चाचा अंदाज काढून प्रत्येकाचा वाटा कळविला. छोटे काकांचा तो काळ ओढाताणीचा होता हे सर्वांना ठाऊक होते, आणि म्हणूनच कोणी विचारीत नव्हते. त्यांनी आपला वाटा वेळेवर, पूर्ण, पाठविला. पैसे कोठून आले हे दिवाळीत कळले. मागल्या खोलीत नवे छप्पर होते, आणि कपाटाच्या वरच्या तीन फळ्या रिकाम्या होत्या. कसरीतून बचावलेली सारी मिटलेली खोकी मुंबईच्या एका संग्राहकाने नेली होती. नाक झिजलेला भालू त्याने उचलूनही पाहिला नाही. दादा त्या फळ्यांकडे पाहून काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी छोटे काकांच्या पानात आपल्या हाताने आणखी एक करंजी वाढली, आणि दादा कधी कोणाला वाढीत नाहीत.

कुलूप अजून कपाटाला अडकविलेले आहे, पण त्याची किल्ली खिळ्याला टांगलेली असते. वाऱ्यासाठी दारे दिवसा उघडी ठेवतात. मूर्तींस कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढेच लावावे, उन्हात वाळवू नये कारण उन्हाने रंग पिवळटतो, मऊ मूर्ती कठीण प्लास्टिकच्या वस्तूला टेकवून ठेवू नये, आणि खणात रवाळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदलाव्या, ह्या सूचना छोटे काकांनी एका पुठ्ठ्यावर लिहून दाराच्या आतील बाजूस लावल्या आहेत. पुठ्ठा अर्थात एका फोडलेल्या खोक्याचाच आहे. मुलांसाठी एकच अट: जे नेले ते संध्याकाळी जागेवर. अट रोज मोडते. गेल्या उन्हाळ्यात एक गिधाड विहिरीत गेले ते गेलेच, आणि छोटे काका दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. शांतिपर्व आले आहे असे आम्ही म्हणणार नाही.

ह्या दिवाळीत मुलांनी अंगणात गाविलगड केला. खरा गड चिखलदऱ्याहून दिसतो. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो घेतला. मुलांनी तट घातला, तळे केले, आणि शार्दूल दरवाजावर शिल्पाच्या जागी दोन शेर खान बसविले. हत्तींची पलटण दिल्ली दरवाजाने वर चढत होती. भालू किल्लेदार झाला, कारण तो सर्वांत वडील. थोरल्या काकू काठी टेकीत बाहेर आल्या, सारा गड त्यांनी डोळ्यांवर हात धरून न्याहाळला आणि विचारले, "आणि कीचक कुठे आहे रे? त्याच्याच गावात बसून त्याला विसरलात?" मुलांनी एकमेकांकडे पाहिले. छोटे काकांचा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजी, तो दुकानात मिळत नाही नं! मी बनवून राहिलो."

ओसरीवर पाटावर ओल्या मातीचा एक गोळा ठेवलेला होता, त्याला दोन दंड आणि मोठ्या मिशा फुटल्या होत्या. भीम अजून व्हावयाचा होता, आणि चिखलदऱ्याच्या दमट हवेत कीचक वाळावयासच चार दिवस लागले.